फ्रान्सला पहिल्यांदाच जात आहोत : काय पाहावे आणि कसे वागावे?

कलमवाला_वेंगुर्ले

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समधील नांत या शहरात राहते. यंदा आंब्याच्या कलमांची धावपळ आटोपली आणि शेवटची पेटी गाडीत चढली की जूनमध्ये मी आणि सौ. तिच्याकडे जाणार आहोत. व्हिसा आणि विमानाची तिकिटे ही कामे मुलीने मार्गी लावली आहेत, त्यामुळे त्याविषयी विचारत नाही. आधी काही दिवस पॅरिस आणि नंतर नांतला मुक्काम, एवढेच तूर्त ठरले आहे.

मला दोन गोष्टींबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. सहल कंपन्यांच्या यादीतील ठिकाणे धावतपळत उरकण्यापेक्षा तेथील लोक कसे राहतात, काय खातात, कशाचा अभिमान बाळगतात हे कळेल असे काय पाहावे, ही पहिली गोष्ट. आम्ही समुद्रकाठची माणसे, त्यामुळे बंदर, मासळी, होड्या असे काही असेल तर सौ.चेही मन रमेल. दुसरी गोष्ट रीतिभातींची. ओळखीतील जी मंडळी युरोप पाहून आली त्यांतील बहुतेकांनी सांगितले की, फ्रेंच माणूस तुसडा असतो, इंग्रजी येत असूनही बोलत नाही आणि उपाहारगृहात गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही पाहत नाही. हे खरे आहे काय? आम्हा दोघांनाही गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य आहे, सौ. कोंबडी-मटणही खात नाही, मासे मात्र दोघेही आवडीने खातो.

अपरांत

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने माझी काही वर्षे लिओं शहरात गेली. आता रत्नागिरीत असतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते जमले तर पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याला तेथे आपोआप मिळेल.

तुसडेपणाची तक्रार करणाऱ्या मंडळींना एवढेच विचारावे की, दुकानात शिरल्यावर तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला? आपल्याकडे किराणा दुकानासमोर उभे राहून 'अर्धा किलो साखर द्या' असे थेट म्हटले तरी कोणाला वावगे वाटत नाही. फ्रान्समध्ये मात्र दुकानात पाऊल टाकणे हे जवळजवळ कोणाच्या घरात पाऊल टाकण्यासारखे मानतात, आणि म्हणून आत येताच 'बोंझूर मादाम' किंवा 'बोंझूर मस्यू' म्हणावेच लागते. संध्याकाळी त्याचे 'बोंसुआर' होते. हा नियम बसचालकाला, तिकीट खिडकीवरच्या माणसाला, औषधवाल्याला आणि दवाखान्यात ताटकळत बसलेल्या अनोळखी रुग्णांनाही लागू आहे. काहीही विकत न घेता बाहेर पडलात तरी 'मर्सी, ओ रव्वार', म्हणजे 'धन्यवाद, पुन्हा भेटू', म्हणूनच निघावे.

हे किती काटेकोरपणे पाळले जाते याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडले. एका बेकरीत रांगेत माझ्या पुढे असलेल्या एका प्रवाशाने पाळी येताच काचेकडे बोट दाखवून इंग्रजीत दोन क्रोसाँ मागितले. काउंटरवरच्या बाईंनी त्याच्याकडे पाहून शांतपणे 'बोंझूर' म्हटले. त्याला वाटले ऐकू गेले नाही, म्हणून त्याने आवाज चढवून तेच पुन्हा सांगितले. बाईंनी पुन्हा तितक्याच शांतपणे 'बोंझूर मस्यू' म्हटले आणि त्या थांबल्या. मागची सारी रांगही निमूट थांबली होती. शेवटी त्याच्या लक्षात आले आणि त्याने 'बोंझूर' म्हटले, तेव्हा त्याच बाईंनी अस्खलित इंग्रजीत विचारले की, लोण्याचे देऊ की साधे? इंग्रजी येत असूनही न बोलण्याची जी तक्रार आपल्या कानावर आली, तिचे मूळ बहुधा असल्याच प्रसंगात असते. आधी अभिवादन करावे, मग 'पार्ले व्हू ऑंग्ले?', म्हणजे 'आपल्याला इंग्रजी येते का?', असे विचारावे आणि त्यानंतर खुशाल इंग्रजीत बोलावे.

उपाहारगृहांचे वेळापत्रक मनात पक्के बसवून घ्या. दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या वेळेत बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद असते. व्हर्सायचा राजवाडा पाहून साडेतीनला भूक लागली म्हणून कोणी आपल्यासाठी चूल पेटवणार नाही, तेव्हा कॅफेत मिळेल त्यावर भागवावे लागते. दारात थांबून कोणी जागा दाखवेपर्यंत वाट पाहावी, टाळी किंवा चुटकी वाजवून वाढप्याला बोलावू नये आणि जेवण झाल्यावर बिल आपण होऊन मागावे. न मागता बिल आणणे म्हणजे गिऱ्हाइकाला 'आता उठा' म्हणण्यासारखे, असे तेथे समजतात. आपली मंडळी यालाच 'ढुंकूनही पाहत नाही' म्हणत असणार. सेवाशुल्क छापील किमतीतच धरलेले असल्याने बक्षिसीची सक्ती नसते. सेवा आवडली तर एक-दोन युरोंची नाणी ठेवावीत. 'काराफ दो' मागितले की नळाचे पाणी फुकट मिळते, बाटलीचे पैसे पडतात. दोघांत एक डिश मागवून वाटून खाण्याची आपली सवय मात्र बसून जेवायच्या ठिकाणी बरी दिसत नाही.

आणखी एक, आवाज. मेट्रोत आणि रेल्वेत लोक हलक्या आवाजात बोलतात. मोबाइलचा स्पीकर चालू ठेवून गावाकडे व्हिडिओ कॉल लावणे, जे आपल्या एस.टी.त सर्रास चालते, ते तेथे महागात पडू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या मुलीच्या नांत शहरातील रेल्वेस्थानकावरच स्पीकरवर बोलणाऱ्या एका प्रवाशाला १५० युरोंचा दंड झाल्याची बातमी बरीच गाजली होती.

रेवदंडेकर

अपरांत यांनी रीतिभातींचा भाग चांगला मांडला आहे, म्हणून मी ठिकाणांविषयी लिहितो. माझे स्पष्ट मत असे की, पॅरिसमध्ये आपण जितके दिवस योजले असतील त्यांतील एक दिवस कमी करावा आणि तो फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याला द्यावा.

पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी आणि ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असते, व्हर्सायही सोमवारी बंद असते. वार न पाहता आखलेल्या सहली याच ठिकाणी फसतात. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते, त्या संध्याकाळी गर्दी बरीच ओसरलेली असते. जानेवारी २०२६पासून युरोपाबाहेरून येणाऱ्यांसाठी लूव्रचे तिकीट ३२ युरो झाले आहे, तेव्हा केवळ मोनालिसासमोर उभे राहून छायाचित्र काढायचे असेल तर तो सौदा मला महाग वाटतो. त्याऐवजी ओर्से पाहावे. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले हे रेल्वेस्थानक. १९८६ मध्ये त्याचे संग्रहालय झाले, आणि मोने, रन्वार, व्हॅन गॉग यांची चित्रे तेथे फलाटाच्या त्या उंच काचछताखाली पाहता येतात. नोत्र दाम या पॅरिसमधील जुन्या चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी लागलेली आग आपण दूरदर्शनवर पाहिली असेल. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. सेन नदीतील त्याच बेटावर तेराव्या शतकातील सँत शापेल ही प्रार्थनावास्तू आहे, तिच्या रंगीत काचांच्या १५ उंच खिडक्या ऊन असताना पाहाव्यात.

आता समुद्राकडे. नांतहून रेल्वेने सुमारे दोन तासांवर लोरियाँ हे बंदर आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १६६६ मध्ये येथे आपली जहाजे बांधण्याची गोदी घातली. खाडीपलीकडे पोर लुई येथे एक सागरी कोट आहे, लोरियाँहून तेथे होडीने जाता येते, आणि त्या कोटातच या कंपनीविषयीचे संग्रहालय आहे. भारतातून गेलेले छापील सुती कापड, चीनची भांडी, मसाल्यांचा व्यापार, जहाजांच्या प्रतिकृती असे बरेच काही तेथे मांडलेले आहे. जंजिरा, सिंधुदुर्ग पाहत वाढलेल्या माणसाला तटावरून खाडीचे तोंड दिसले की तोफा कोठे असतील हे कोणी सांगावे लागत नाही.

थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच अप्रस्तुत नाही. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील आमच्या शेजारच्या चौल बंदरात उतरला आणि तेथून पुण्याला नाना फडणवीसांच्या भेटीस गेला. इंग्रजांना त्यामुळे चांगलाच घोर लागला होता. ज्यांची जहाजे आपल्या दाराशी येऊन गेली, त्यांचे बंदर पाहण्यात मला तरी आयफेल टॉवरच्या रांगेपेक्षा जास्त रस वाटला.

नांतमध्येही ब्रिटनीच्या ड्यूकांच्या किल्ल्यात शहराचे संग्रहालय आहे. अठराव्या शतकात नांत हे फ्रान्समधील गुलामांच्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर होते. भारतीय कापडाच्या धर्तीवर तेथे छापलेले कापड आफ्रिकेत नेऊन त्याच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. संग्रहालय हे काहीही न लपवता सांगते, आणि नदीकाठी २०१२ पासून गुलामगिरीच्या उच्चाटनाचे स्मारकही आहे. तेथे मोठ्याने हसत-बोलत छायाचित्रे काढणारे पर्यटक पाहून स्थानिक लोकांना वाईट वाटते.

देवगड_बंदर

रेवदंडेकरांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाने आयफेल टॉवर आणि व्हर्साय टाळून यावे हे सांगणे सोपे आहे, पण परत आल्यावर गावात पहिला प्रश्न तोच विचारला जातो! १८८९ सालचा तो लोखंडी मनोरा जवळून पाहिल्यावर त्याच्या जोडकामाची जी भव्यता जाणवते ती छायाचित्रात कळत नाही. वर जायचेच असेल तर तिकीट आधीच घेऊन ठेवावे. २०२४ पासून त्याचे पैसे यूपीआयने भरण्याचीही सोय झाली आहे. मात्र मनोऱ्याच्या परिसरात आणि मोंमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर हातात दोरा बांधायला येणारे, 'ही अंगठी तुमची पडली काय' असे विचारणारे आणि सहीसाठी कागद पुढे करणारे यांना एकदाच 'नों, मर्सी', म्हणजे 'नको, धन्यवाद', म्हणून चालू लागावे, थांबून हुज्जत घालू नये.

बाजाराविषयी एक सूचना. आपल्या बायका कोळणीच्या पाटीतली सुरमई उचलून कल्ला उघडून बघतात, दाबून बघतात आणि मग भावासाठी घासाघीस करतात. फ्रान्सच्या बाजारात मासळीला किंवा फळाला हात लावू नये. कधी खायचे आहे ते सांगावे, विक्रेता स्वतः निवडून देतो. मासळीवर घासाघीस करू नये. ती हौस जुन्या वस्तूंच्या बाजारात भागवता येते, तेथे थोडाफार भाव केलेला चालतो.

कलमवाला_वेंगुर्ले

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. लोरियाँ आणि पोर लुईचा कोट यादीत घेतला आहे; आयफेल टॉवरही राहील, सौ.चा तसा हुकूमच आहे.

आता नेमकी अडचण सांगतो. मुलीच्या घरमालकीण बाईंनी आम्हाला एका रात्री जेवायला बोलावले आहे. त्यांच्यासाठी हापूसची एक पेटी न्यावी असा माझा विचार होता आणि सौ. म्हणते की सोबत शेवंतीचा एखादा छान गुच्छ तेथेच विकत घ्यावा. हे योग्य होईल काय? जेवणाच्या टेबलावर काय सांभाळावे?

चिपळूणची_लेक

काका, नमस्कार. माझे सासर ब्रिटनीतील रेन शहरात आहे, त्यामुळे आपले दोन्ही बेत वाचून तातडीने लिहिते आहे.

शेवंती कृपया नेऊ नका. आपल्याकडे ती देवाला वाहतात आणि वेणीत माळतात, फ्रान्समध्ये मात्र १ नोव्हेंबरच्या सुमारास लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन आप्तांच्या कबरींवर ठेवतात. यजमानीणबाई हसून गुच्छ घेतील, पण मनात चरकतील. जूनमध्ये पिओनीची टपोरी फुले बाजारात असतात, ती न्यावीत. फुलवालीला 'जेवणाचे आमंत्रण आहे' एवढे सांगितले तर ती तसा गुच्छ बांधून देते.

हापूसची पेटीही सामानातून नेता येणार नाही. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून येणाऱ्या ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना आहे. म्हणजे कोकणातल्या माणसाने नारळ न्यावा आणि आंबा घरी ठेवावा, असा हा न्याय आहे. दूध, तूप, खवा आणि मांसाचे पदार्थही नेता येत नाहीत. गंमत अशी की स्वतःच्या वापरापुरती सुकी मासळी नेण्यास नियमाची आडकाठी नाही, पण सुकट घालून नेलेल्या बॅगेची पुढे काय अवस्था होते ते आपल्याला सांगायला नको. यजमानांसाठी भाजलेले काजूगर, आंबापोळी आणि नीट सील केलेले कोकम सरबत न्या. आमच्या घरी आंबापोळी सासूबाई चीजबरोबर खातात, ती जोडी खरोखरच छान लागते.

आता जेवणाविषयी. आठची वेळ दिली असेल तर आठला पाच कमी असताना घंटी वाजवू नये, दहा-पंधरा मिनिटे उशिरा जाणे हीच तेथील शिष्टाई आहे. अर्ध्या तासाहून जास्त उशीर होणार असेल तर कळवावे. आपण काय खात नाही ते मुलीकडून आधीच सांगून ठेवावे. ऐन टेबलावर नकार दिला तर यजमानीणबाईंना अवघडल्यासारखे होते, आधी कळले तर त्या आनंदाने मासे करतील. बाहेर जेवताना मात्र विचारून घ्यावे, कारण 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सॅलडमध्ये, कीशमध्ये आणि कित्येकदा भाज्यांतही असतात, आणि ते तेथे मांसाहार म्हणून फारसे कोणाच्या गणतीत नसतात.

गालाला गाल लावून अभिवादन करण्याची रीत पाहून गोंधळून जाऊ नये. पहिल्या भेटीत हस्तांदोलन पुरते आणि काकूंनी हात जोडून नमस्कार केला तरी तो सर्वांना आवडतो. घरात शिरताना चपला काढायच्या का हे विचारावे, प्रत्येक घराची पद्धत वेगळी असते. यजमानीण जेवायला सुरुवात करेपर्यंत थांबावे. जेवताना दोन्ही हातांची मनगटे टेबलाच्या कडेवर दिसतील अशी ठेवावीत, एक हात मांडीवर ठेवून जेवणे तेथे शिष्टसंमत नाही. पाव ताटाशेजारी थेट टेबलावरच ठेवतात आणि हातानेच तोडून खातात, तेवढाच हाताने खाण्याचा आनंद. वाढलेले ताटात टाकू नये, म्हणून पहिल्यांदा कमी घ्यावे. वाइन नको असेल तर नम्रपणे 'नों, मर्सी' म्हणावे, कोणी आग्रह करत नाही. आपल्यासारखे 'अजून एक घ्या हो' तेथे होत नाही, त्यामुळे हवे असेल तर पहिल्यांदा विचारतील तेव्हाच हो म्हणा, नाहीतर काका, उपाशी उठाल!

मुख्य जेवणानंतर चीजचे ताट फिरते. त्रिकोणी तुकडा असेल तर त्याचे टोक कापून घेऊ नये. टोकाचा भाग सर्वांत चवदार, तो एकट्याने घेणे हावरटपणाचे मानतात. तुकड्याच्या लांबीला धरून पातळ काप घ्यावा म्हणजे प्रत्येकाला थोडे टोक आणि थोडी कड मिळते. पगार किती, घर केवढ्याला घेतले, मुलांची लग्ने का झाली नाहीत, असे आपले आपुलकीचे प्रश्न तेथे आगाऊपणाचे ठरतात. खाण्यापिण्यावर आणि राजकारणावर मात्र तासन् तास बोलता येते, आणि मोठ्याने वाद झाला तरी भांडण झाले असे समजू नये. दुसऱ्या दिवशी मुलीकडून आभाराचा एक छोटा निरोप जाऊ द्या.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर ब्रिटनीची 'गालेत' जरूर खा. कुट्टूच्या पिठाचे मोठे, पातळ, आपल्या घावनासारखे जाळीदार असते; 'कोंप्लेत' प्रकारात हॅम, अंडे आणि चीज घालतात, तेव्हा 'सां जांबों', म्हणजे हॅमशिवाय, असे सांगावे. कालवे कच्ची, लिंबू पिळून खातात. धाडस होत नसेल तर उकडलेले शिणाणे आणि बटाट्याचे तळलेले काप मागवा, काकूंना खात्रीने आवडेल.

कलमवाला_वेंगुर्ले

ताई, शेवंती आणि पेटी, दोन्ही बेत रद्द. घावनाचे वाचून सौ.ची कळी खुलली आहे. मुलगी म्हणते की नांतजवळ मिठागरे आहेत. शिरोड्याची मिठागरे आणि १९३० सालच्या सत्याग्रहाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्यामुळे ती पाहायची इच्छा आहे. तेथे असेच जाता येते काय?

चिपळूणची_लेक

होय काका, ती गेराँदची मिठागरे, नांतच्या पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरवर. ल क्रवाझिककडे जाणाऱ्या रेल्वेने निघून 'ला बोल' या स्थानकावर उतरावे आणि पुढे बस घ्यावी. भरतीचे पाणी एकदा आत घेतले की ते पंपाशिवाय, केवळ जमिनीच्या उताराने एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत नेतात आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरते. तळाचे जाडे मीठ चिकणमातीमुळे करडे दिसते. वर तरंगणारी नाजूक पांढरी साय कामगार लांब दांड्याच्या फावड्याने अलगद ओढून घेतात, तीच 'फ्लर द सेल' म्हणून महाग विकली जाते. हंगाम जून ते सप्टेंबर, पण पाऊस पडला तर काम थांबते, म्हणून कोरडे, वाऱ्याचे दिवस निवडून जावे आणि दुपार उलटल्यावर पोहोचावे.

मिठागरे खासगी मालकीची असतात. रस्त्यावरून पाहायला कोणाची हरकत नसते, पण बांधांवर परवानगीशिवाय चढू नये, कारण ते मातीचे असतात आणि ढासळले तर कामगारांचीच मेहनत वाया जाते. काही मीठ-उत्पादक ठरलेल्या वेळी माहिती देत आत फिरवून आणतात, मुलीला त्याची नोंदणी आधी करून ठेवायला सांगा. काम करणाऱ्या माणसाचे छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, आणि विचारण्यापूर्वी 'बोंझूर' म्हणावे. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर तेच लोक मीठ विकतात. करडे मीठ दुकानापेक्षा तेथे स्वस्त पडते, आणि ते माशाच्या तिखटल्यात काकू कसे वापरतात ते परत आल्यावर येथे लिहा.